आमगावची अवस आणि पुनव

विदर्भातल्या आमगावला लागूनच पदमपूर नावाचे खेडे आहे. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे संशोधक वा. वि. मिराशींनी मांडले आणि पुढे आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचे नाव मिळाले. आठव्या शतकातल्या या नाटककाराने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत गाव, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ आणि आई जातुकर्णी यांची ओळख करून दिली. जन्मतिथीचा मात्र उल्लेखही केला नाही.

पुढे याच तिथीला मोठे वजन आले. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते. सूर्य-चंद्र एकत्र येण्याआधीचे शेवटचे 12 अंश म्हणजे अमावास्या. 30 तिथींपैकी ही एक, म्हणजे सरासरीने दर 30 बाळांतले एक अवसेला जन्मणारच. फलज्योतिषात चंद्र हा मनाचा आणि आईचा कारक, आणि अमावास्येला तो क्षीण असतो. म्हणून ‘बृहत्पाराशर होराशास्त्रा’त दर्शजन्माचा, म्हणजे अवसेच्या जन्माचा, वेगळा अध्याय आहे. असे मूल आईबापांना दारिद्र्य आणते, असे त्यात म्हटले आहे. पौर्णिमेच्या बाळाला पक्षबळ मिळते, त्यामुळे ग्रहण नसेल तर त्याच्या वाट्याला अशा दोषाची शांत येत नाही.

काशीत 1612 साली कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ झाला आणि 1790 मध्ये पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’. मराठी भिक्षुकांच्या हाती राहिला तो दुसरा. या परंपरेत अवसेचेही सिनीवाली आणि कुहू असे भेद आहेत. तिच्या आदल्या कृष्ण चतुर्दशीचे तर सहा भाग पाडून कोणता भाग बापाला, कोणता आईला, कोणता मामाला वाईट, हेही ठरवून टाकले आहे.

दर्शशांतीचा विधी मात्र जवळून पाहण्यासारखा. वड, पिंपळ, उंबर, आंबा आणि कडुनिंब यांचे डहाळे कलशात घालतात. सूर्याची प्रतिमा सोन्याची, चंद्राची चांदीची. होम झाला की कलशाच्या पाण्याने आई, बाप आणि बाळ तिघांवर अभिषेक होतो. काही जननशांतींत त्याआधी गोप्रसवही करतात. सुपात तांबडे वस्त्र आणि तीळ पसरून त्यावर बाळाला ठेवायचे आणि सूप गाईच्या तोंडाशी न्यायचे. गाईने हुंगले की मूल तिच्या पोटी नव्याने जन्मले असे समजून आईच्या ओटीत द्यायचे. बाळाला परत आपलेसे करणारा हा भाग खरोखर मायेचा आहे. पण त्याच्या आधीचे दिवस बाळंतिणीने ‘अवसेचं पोर’ हे शब्द ऐकत काढायचे, हे क्रूर होते आणि आजही आहे.

शिवाय बाळ अवसेचे की नाही, हे तरी कुठे पक्के असायचे? 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिले मराठी पंचांग छापले. अशा पंचांगांत तिथी संपण्याची वेळ सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत असे, आणि तो सूर्योदय मुंबई-पुण्याकडचा. आमगावला सूर्य पुण्यापेक्षा साधारण 25 मिनिटे आधी उगवतो, आणि 24 मिनिटांची एक घटका. पुण्याचे पंचांग देशांतर संस्कार, म्हणजे ठिकाणानुसार दुरुस्ती, न करता वापरले, तर अवसेच्या शेवटच्या घटकेतले मूल प्रतिपदेचे ठरून सुटायचे आणि चतुर्दशीच्या शेवटच्या घटकेतले अवसेत अडकायचे. त्यात गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1865 च्या सुमारास प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले. जुन्या गणिताची तिथी आणि त्यांची तिथी यांत कधी कित्येक घटकांचे अंतर पडे. एकाच बाळाला एका पंचांगात दोष, दुसऱ्यात नाही. आईच्या माथी खापर फोडण्याइतका भक्कम आधार यात कुठेच नव्हता.

आमगावकडे आणखी एक पेच. राज्याच्या सीमेपलीकडच्या बालाघाट-राजनांदगाव भागात महिना पौर्णिमेला संपतो, इकडे अमावास्येला. लेक तिकडच्या माहेरी पोळ्याच्या अवसेला बाळंत झाली, तर पत्रिकेत भाद्रपद अमावास्या लागे. तीच इकडे श्रावणाची.

गावच्या बहुतेक बाळांची पत्रिका मुळी निघतच नसे. त्यांची नोंद कोतवाल बुकात व्हायची: बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी, आणि इंग्रजी तारीख. जातीच्या दाखल्यासाठी विदर्भातली माणसे आजही या बुकाची नक्कल शोधत फिरतात. नावे वारावरून किंवा महिन्यावरून पडत, बुधराम, मंगल, चैतराम, फागू अशी.

या मुलखात अवस ही पोळ्याची. बैल सजतात, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात. आणि पुनव माघाची. शेजारच्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेपाशी तेव्हा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज लोटतो. गुहेत कोंडलेल्या 33 मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवले आणि जंगो रायताडने त्यांना सांभाळले, ही त्यांची कथा. ती मुले कोणत्या तिथीला जन्मली होती, हे तिथे कुणी विचारत नाही.