तळटीप : गाठीतल्या आधारपेशी

* गडमुडशिंगीच्या या प्रकरणात गालातली गाठ हाताला टणक लागते, असे लेखक सांगतात. तो टणकपणा निव्वळ कर्कपेशींचा नव्हे. एरवी जखम भरून आणणाऱ्या तंतुपेशी गाठीत कर्करोगाच्या बाजूला वळतात आणि कोलॅजनचे जाड धागे विणत राहतात. सुपारी, गुटखा चघळणाऱ्यांच्या गालात तर त्या कर्करोगाआधीच चेकाळलेल्या असतात. तोंड पुरते उघडेनासे होते ते त्यामुळेच. कर्कपेशी मारू शकणाऱ्या टी-पेशी या धाग्यांत अडकून कडेलाच थबकतात. आत पोचतात त्यांना तंतुपेशींचे टीजीएफ-बीटा हे प्रथिन थंड पाडते. शिवाय गाठीतल्या भक्षकपेशी पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून त्यांचा मारा थांबवतात. ही शेवटची अडवणूक काही रुग्णांत निवोलुमॅबसारख्या औषधाने मोडते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या गोळ्यांना अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली, तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले (२०२२). प्रचलित मात्रेच्या दहाव्या भागाहूनही ही मात्रा कमी. महागड्या औषधाच्या बाबतीत याचे मोल फार मोठे आहे, म्हणून टीप लांबली तरी ते नोंदवले. तंतुपेशींना आवरणारे खात्रीचे औषध मात्र अजून हाती आलेले नाही. — संपा.