पोस्टकार्ड, पिनकोड आणि काळजीचं पोर

पिनकोड आणि अपंग मुलांची थेरपी, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? पश्चिम जर्मनीत होता, आणि मला तो इतका भन्नाट वाटला की ह्या वीकेंडला हेच लिहायचं ठरवलं.

सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागेल. टॉम मुटर्स नावाचे एक डच गृहस्थ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागातर्फे जर्मनीत काम करत होते. युद्धात बेवारस झालेली, बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं गोडेलाऊच्या इस्पितळात होती, त्यांच्याकडे बघणं हे त्यांचं काम. १९५८ च्या नोव्हेंबरात त्यांनी मारबुर्गला काही पालक आणि तज्ज्ञ जमवून 'लेबेन्सहिल्फे' ही संस्था काढली. जगायला मदत, असा साधारण अर्थ. मुलाला दिवसभर सांभाळणारी, शिकवणारी जागा हवी आणि संध्याकाळी मूल घरी परत हवं, ही त्यांची मुख्य मागणी.

ह्यात काय विशेष, असं वाटेल. पण नाझी काळात अशाच मुलांना 'खास उपचार' म्हणून इस्पितळाच्या वॉर्डांत दाखल करून घेतलं होतं आणि तिथे किमान ५००० मुलं मारली गेली होती. घरी पत्र यायचं, न्यूमोनियाने गेला म्हणून. त्यानंतर पंधराच वर्षांनी एखाद्या आईला 'संस्थेत ठेवा हो, तिथे नीट बघतील' असं सांगितलं तर तिला काय वाटत असेल? मूल रात्री घरात दिसणं ही माझ्या मते त्या पाळणाघरांमागची खरी गोष्ट.

शिवाय थेरपीच्या दृष्टीनेही ते बरोबर होतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी बोबाथ पद्धत तेव्हा युरोपभर पसरत होती. आठवड्यातून तासभर व्यायाम करून घेतला आणि सोडून दिलं, असं त्यात चालत नाही. मुलाला उचलायचं कसं, बसवायचं कसं, चमचा धरताना खांद्याला आधार कुठे द्यायचा, हे दिवसभर, प्रत्येक वेळी करायचं असतं. म्हणजे जिथे मूल दिवस काढतं तिथेच थेरपी हवी. (ही पद्धत शोधणारं बर्टा आणि कारेल बोबाथ हे जोडपं मूळचं बर्लिनचं! नाझींमुळे पळून लंडनला गेलेलं.)

आता पैसा. १९६२ पासून तिथल्या समाजकल्याण कायद्याने अपंग माणसाला मदतीचा हक्क दिला. पण कायदा एका मुलाचा खर्च उचलणार. ते मूल जिथे जायचं ती इमारतच नसेल तर? सकाळी घरून आणायला गाडी नसेल तर? ही भोकं देणग्यांनीच बुजवायची होती.

तेवढ्यात कॉन्टरगन प्रकरण झालं. १९५७ साली बाजारात आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायका चिठ्ठीशिवाय घेत होत्या. हात-पाय अर्धवट वाढलेली हजारो मुलं जन्मल्यावर, १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं गेलं. देश हादरला. मग १९६४ च्या ऑक्टोबरात झेडडीएफ ह्या नव्या टीव्ही चॅनेलने पत्रकार हान्स मोल यांच्या पुढाकाराने 'आक्सिओन झोर्गेनकिंड' सुरू केलं. मदत सगळ्याच अपंग मुलांसाठी होती, पण लोकांच्या डोळ्यांसमोर कॉन्टरगनची मुलं होती.

आणि इथे येतो पिनकोड. जर्मन पोस्टाने १९६१ मध्ये चार आकडी कोड आणला होता, पण लोक तो लिहायला तयार नव्हते (आपल्याकडे पिनकोड १९७२ चा, श्रीराम वेलणकरांचा). म्हणून पीटर फ्रांकेनफेल्डचा 'फेरगिसमाइननिश्ट' हा टीव्ही शो निघाला, 'मला विसरू नका'! प्रेक्षकांनी कोडसकट पोस्टकार्ड पाठवायचं, बक्षिसं जिंकायची आणि त्याच निमित्ताने मुलांसाठी पैसा गोळा व्हायचा. एका दगडात किती पक्षी! पुढे १९७४ पासून 'डेअर ग्रोसे प्राइस' हा कार्यक्रम लॉटरीच्या तिकिटांसाठी गाजला. त्यात लोरिओच्या कार्टूनमधला वूम नावाचा कुत्राही असायचा.

पैसा आला आणि त्यातून पाळणाघरं, गाड्या, उपकरणं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'झोर्गेनकिंड' म्हणजे काय? काळजीचं पोर. आईबापांच्या जिवाला घोर लावणारं! डबडबलेल्या डोळ्यांनी तिकीट काढलं की झालं. अपंगांच्या चळवळीला हे झोंबलं. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष, त्याच्या डिसेंबरात डॉर्टमुंडला त्यांनी सरळ 'लंगड्यांचं न्यायासन' भरवलं. नाव मुद्दामच बोचरं. आम्हाला दया नको, हक्क हवेत, हा सूर.

मला दोन्ही बाजू पटतात. दयेशिवाय १९६४ साली तो पैसा जमला नसता असं वाटतं. पण ज्याच्या नावाने पैसा जमतो त्याला त्या नावात राहावं लागतं, हेही खरंच.

१ मार्च २००० ला नाव बदलून 'आक्सिओन मेन्श' झालं. मेन्श म्हणजे माणूस. लॉटरी अजूनही चालू आहे, तिकिटातले किमान ३० टक्के कामांसाठी जातात. नाव बदललं तेव्हा कॉन्टरगनची ती मुलं चाळिशीला टेकली होती.