'कायम' गोठलेली जमीन : एका समजुतीचा इतिहास

पायाची रचना करताना आपण जमीन जागची हलणार नाही असे धरून चालतो. आमच्या राजाजीनगरात हे गृहीतक सहसा चालून जाते. आर्क्टिकमध्ये ते का फसले, हे या टिपणात पाहू.

1828 साली सायबेरियातील याकुत्स्क गावी फ्योदोर शेर्गिन यांनी पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. 1837 पर्यंत ती सुमारे 116 मीटर खोल गेली, तरी तळाची माती गोठलेलीच! पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने तिच्यात उतरत्या खोलीवर तापमान मोजले. 1940 च्या दशकात सायमन म्युलर यांनी अशा जमिनीला 'पर्माफ्रॉस्ट' हे नाव दिले. नावात 'कायम' आहे. व्याख्या मात्र सलग किमान 2 वर्षे 0 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन, एवढीच आहे.

या फरकाची किंमत किनाऱ्यावर दिसते. तेथे मातीचे कण बर्फानेच बांधलेले असतात. समुद्रावरील बर्फ कमी झाल्याने लाटांना जास्त काळ मोकळीक मिळते. त्या कड्याचा पाया पोखरतात आणि वरची जमीन ढासळते. अलास्कातील ड्रू पॉइंटचा किनारा 2007 ते 2016 दरम्यान वर्षाला सरासरी 17 मीटर मागे हटला.

ढासळलेल्या गाळाने पाणी गढूळ होते, प्रकाश खोल पोहोचत नाही, सागरी वनस्पतींची वाढ खुंटते. गाळातील सेंद्रिय द्रव्य कुजून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाण्याची आम्लता वाढते, आणि शिंपल्यांना कवच बांधणे जड जाते. सर्वांचेच नुकसान होते असेही नाही. उत्तर अलास्कात जमीन खचून खारे पाणी आत शिरले, तेथे खारे गवत फोफावले आणि ब्रँट जातीचे हंस आतली तळी सोडून तेथे चरू लागले. अधिवास नुसता नष्ट होत नाही, तो जागाही बदलतो.

हे बदल एका मोजणीत कळत नाहीत. गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. या केंद्रामार्फत भारताने 2008 मध्ये स्वालबार्डला 'हिमाद्री' हे स्थानक सुरू केले. 2014 मध्ये तिथल्याच कोंग्सफियोर्ड खाडीत 192 मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही वेधशाळा बसवली गेली. पाण्याचे तापमान व क्षारता ती सतत नोंदवते.

शेर्गिन यांच्या विहिरीने जमीन किती खोल गोठली आहे ते सांगितले. ती किती काळ तशी राहील, हे अशा सलग नोंदीच सांगतील. पुढे तुम्ही कोठेही पाया घालाल, तेव्हा जमीन कशी आहे याबरोबरच ती केव्हापर्यंत तशी राहील, हेही विचारा.