हयातीचा दाखला ऑनलाइन देताना पान उघडत नाही? अडचण कुठे आहे ते असे ओळखा

भिलाईतील स्मृति नगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांना ‘जीवन प्रमाण’ सुविधेद्वारे घरबसल्या हयातीचा दाखला देता येतो. बँक खाते नागपूरला असले तरी चालते. मात्र दाखला वेळेत न पोहोचल्यास पेन्शन थांबते. त्यामुळे पान अडकल्यास नुसते थांबून राहू नका. दोष फोनचा, जोडणीचा की संकेतस्थळाचा, हे आधी तपासा.

मुदत
- केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक: नोव्हेंबर महिना. वय ८० किंवा अधिक असल्यास १ ऑक्टोबरपासून.
- ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारक: वर्षभरात केव्हाही. दाखला दिल्यापासून एक वर्ष वैध राहतो.

तपासणी या क्रमाने करा
१. त्याच फोनवर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडा. ते लगेच उघडले, तर तुमची जोडणी बहुधा ठीक आहे.
२. तेही अडकले, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करा. आता चालले, तर दोष घरच्या ब्रॉडबँडमध्ये आहे.
३. फायबर जोडणीच्या राउटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा दिसतो का पाहा. दिसत असल्यास फायबरमधून सिग्नल येत नाही, कंपनीलाच कळवा. दिवे नेहमीसारखे असल्यास राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करा आणि त्याच्या जवळ बसून प्रयत्न करा.
४. मोबाइल डेटाही मंद असेल, तर दिवसाचा कोटा संपला आहे का पाहा. अनेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो.
५. ट्रायच्या ‘मायस्पीड’ अ‍ॅपवर वेग मोजा. ब्रॉडबँडसाठी किमान डाउनलोड वेग २ एमबीपीएस ठरलेला आहे.

पडद्यावरील संदेशाचा अर्थ
- ५००, ५०२, ५०३ किंवा ५०४: अडचण संकेतस्थळाकडे आहे. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा.
- ४०४: पत्ता चुकला आहे. मुख्य पानावरून पुन्हा जा.
- ‘जोडणी सुरक्षित नाही’: फोनची तारीख व वेळ तपासा. ती बरोबर असूनही संदेश येत असल्यास माहिती भरू नका.
- ओटीपी येत नाही: हा एसएमएसचा प्रश्न आहे, इंटरनेटचा असेलच असे नाही. मोबाइल क्रमांक बरोबर दिला आहे का, हे तपासा. सारखे बटण दाबू नका. नवा ओटीपी आला की जुना चालत नाही.
- चेहरा ओळखला जात नाही: उजेडाकडे तोंड करून बसा, चष्मा काढा.

पान मध्येच थांबल्यास
लगेच दुसऱ्यांदा अर्ज करू नका. दाखला तयार झाला असल्यास प्रमाण आयडीचा एसएमएस येतो. तो आधी पाहा.

जोडणीची तक्रार
कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. दखल न घेतल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

तरीही जमले नाही तर
मुदतीला आठवडा उरला असल्यास ऑनलाइनचा नाद सोडा. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँक पासबुक आणि मोबाइल घेऊन बँकेत, टपाल कार्यालयात किंवा सामाईक सेवा केंद्रात जा. चालणे शक्य नसल्यास इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या घरपोच सेवेसाठी पोस्टमनला सांगा. शुल्क आधी विचारून घ्या.