पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यान

पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यान : ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातील किंबर्ली प्रदेशाच्या पूर्व भागात असलेले, वालुकाश्माच्या पट्टेदार घुमटांसाठी आणि अरुंद घळयांसाठी विख्यात उद्यान. क्षेत्रफळ सु. २,४०० चौ. किमी. राज्याची राजधानी पर्थ येथून रस्त्याने जवळजवळ ३,००० किमी. दूर आहे. रस्त्याने सर्वांत जवळचे शहरवजा गाव हॉल्स क्रीक, दक्षिणेस सु. १६० किमी.; उत्तरेचे कुनुनुरा सु. ३०० किमी. उद्यानाची स्थापना १९८७ मध्ये झाली. २००३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

उद्यानाच्या मध्यभागी बंगल बंगल ही डोंगररांग आहे. आजूबाजूच्या गवताळ सपाटीपासून ती काही ठिकाणी २५० मी.पर्यंत उभी चढते. सु. ३५ ते ३७ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, जुन्या डोंगरांची झीज होऊन नद्यांनी आणलेली वाळू व गोटे येथील खोलगट भागात साचले. त्यांचेच पुढे वालुकाश्म व गोटेमिश्रित पिंडाश्म बनले. भूहालचालींनी हा थर उचलला गेला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि पावसाचे पाणी त्या भेगा रुंदावत गेले. दोन भेगांमधला खडक कडेने झिजून गोलसर झाला. दक्षिण भागात दाटीने उभे असलेले शेकडो घुमट असे घडले आहेत.

या घुमटांवरचे आडवे पट्टे रंगवल्यासारखे दिसतात. त्यांचे कारण समजून घेतल्याशिवाय हे उद्यान पाहिले असे म्हणता येणार नाही. वालुकाश्माच्या ज्या थरांत चिकणमातीचे प्रमाण जास्त आहे ते थर ओल धरून ठेवतात. त्या ओलीवर नील-हरित जीवाणूंचा अगदी पातळ थर वाढतो आणि तो पट्टा काळपट-करडा दिसतो. शेजारच्या थरातले पाणी लवकर सुकते, तेथे जीवाणू टिकत नाहीत. खडकाच्या कणांवर लोहसंयुगांचा लेप बसतो आणि तो पट्टा नारिंगी होतो. म्हणजे करडा रंग सजीवांचा आणि नारिंगी रंग लोहाचा. हे दोन्ही लेप जेमतेम कवचाएवढे जाड आहेत. आतला खडक फिका व ठिसूळ आहे, कारण वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवणारा सिलिकेचा लेप बव्हंशी विरघळून गेला आहे. वरच्या भाराने ते कण दबून राहिले आहेत इतकेच. कवच फुटले की आतली वाळू वाऱ्यापावसात सुटू लागते. घुमटांवर चढण्यास असलेल्या बंदीमागे हे कारण आहे आणि पर्यटकाने ती बंदी मनापासून पाळली पाहिजे. एका बुटाच्या ठोकरीने मोडलेले कवच पुन्हा धरण्यास किती पिढ्या लागतील, याचा अंदाज कोणालाही सहज बांधता येणार नाही.

रांगेच्या दक्षिण भागात पिकनिनी ओढ्याच्या वरच्या अंगाला सु. ७ किमी. व्यासाची एक वर्तुळाकार भूरचना आहे. ती अशनिपाताची खूण मानली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अजून विवर म्हणून स्पष्ट दिसते. येथे मात्र विवर पूर्ण झिजून गेले असून विस्कटलेल्या खडकथरांवरूनच ते ओळखावे लागते आणि तेही मुख्यतः विमानातून.

दक्षिण आणि उत्तर हे उद्यानाचे दोन अगदी वेगळे चेहरे आहेत. दक्षिणेत घुमटांमधून वाळूच्या कोरड्या पात्राने चालत गेल्यावर कॅथीड्रल घळई लागते. तिच्या टोकाला पाण्याने कोरलेली प्रचंड गोल पोकळी आहे; छताचा कडा पुढे झुकलेला, खाली वाळू आणि मोसमानुसार पाण्याचे डबके. येथे साधा बोलण्याचा आवाजही घुमतो. उत्तरेस पिंडाश्माचे उभे कडे आहेत. तेथील एकिड्ना कपार आत जावे तसतशी चिंचोळी होते आणि शेवटी एका माणसापुरती उरते. वर दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक मीटर उंच भिंती असतात. सूर्य माथ्यावर आला की थोडा वेळ किरणे थेट तळापर्यंत पोहोचतात आणि भिंती तांबड्या-नारिंगी उजळतात. त्यामुळे ही कपार दुपारीच पाहावी. या घळयांच्या ओलसर तोंडाशी पंख्यासारख्या पानांचे लिव्हिस्टोना ताड वाढतात. बाहेरच्या कोरड्या मैदानावर टोकदार स्पिनिफेक्स गवत आणि विरळ नीलगिरी आहे. खडकांवर लहान वॉलबी दिसतात. पक्ष्यांच्या १३० हून अधिक जातींची नोंद आहे.

हा प्रदेश गिजा आणि जारू या आदिवासी समाजांचा आहे. १९८३ मध्ये एका चित्रपट पथकाने विमानातून या रांगेचे चित्रण केले आणि ऑस्ट्रेलियातील जनतेला ती माहीत झाली. त्या वर्षी तिचा ‘शोध लागला’ असे जेथे लिहिलेले आढळते तेथे ते दुरुस्त करावे. येथील माणसे या घळयांत हजारो वर्षे वावरत आली आहेत, त्यांची दफनस्थळे व चित्रे येथे आहेत. जागतिक वारसा यादीतील नोंद केवळ नैसर्गिक निकषांवर आहे, ही तिची मोठी उणीव म्हणावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या पशुपालकांनी ऑर्ड नदीच्या खोऱ्यात गुरांचे अवाढव्य कळप आणले. अतिचराईने जमीन उघडी पडली, मातीची धूप झाली. १९६० च्या दशकात सरकारने खोऱ्याचा मोठा भाग ताब्यात घेऊन गवताची लागवड सुरू केली आणि गुरे व मोकाट गाढवे हटवली. आजचे गवताळ मैदान हे बऱ्याच अंशी त्या कामाचे फळ आहे. जवळच्या ग्रेट नॉर्दर्न महामार्गावरील वॉर्मन वस्ती गिजा समाजाची आहे. रोव्हर थॉमस आणि क्वीनी मॅकेंझी हे चित्रकार याच वस्तीशी निगडित होते. थॉमस यांची चित्रे १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या वतीने मांडली गेली. मातीच्याच रंगांनी रंगवलेली ही चित्रे आधी पाहून मग उद्यानात गेल्यास डोंगर वेगळा दिसतो.

ग्रेट नॉर्दर्न महामार्ग सोडल्यावर माहिती केंद्रापर्यंत ५३ किमी.चा स्प्रिंग क्रीक मार्ग आहे. अंतर फसवे आहे, कारण ते कापण्यास दोन ते तीन तास लागतात. रस्ता कच्चा, अरुंद, वळणांचा, मध्येमध्ये दगडी चढ-उतारांचा असून वाटेत अनेक ओढे थेट पात्रातून ओलांडावे लागतात. चारही चाकांना गती देणारे, जमिनीपासून उंच वाहनच येथे चालते. मोठे कॅराव्हॅन महामार्गाजवळच ठेवावे लागतात. फक्त एका आसाचे, खडतर रस्त्यासाठी बांधलेले ट्रेलर आत नेता येतात. उद्यानात इंधन मिळत नाही, मोबाइलवर भिस्त ठेवता येत नाही. अन्न, पिण्याचे पाणी आणि सुटे चाक सोबत हवे. मुक्कामासाठी उत्तरेस कुराजाँग आणि दक्षिणेस वलार्डी हे तळ आहेत. ज्यांना हा रस्ता झेपणार नाही त्यांच्यासाठी विमान व हेलिकॉप्टरच्या फेऱ्या आहेत. घुमटांचा विस्तार वरूनच नीट कळतो, मात्र घळयांची ओल आणि शांतता पायी गेल्याशिवाय कळत नाही. हा रस्ता असाच खडतर राहावा. इतक्या ठिसूळ खडकाला मोठ्या गर्दीचा भार पेलणार नाही.

पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात पडतो. तेव्हा ओढे दुथडी वाहतात आणि उद्यान बंद असते. साधारण एप्रिलमध्ये ते उघडते. मे ते ऑगस्ट हा उत्तम काळ. दिवस उबदार व रात्री चांगल्याच गार असतात. ऑक्टोबरपासून पारा ४० अंश से.च्या वर जातो आणि दुपारची पायपीट धोक्याची ठरते. पिकनिनी घळईची जाऊन-येऊन सु. ३० किमी.ची वाट दगडगोट्यांची असून तीवर खुणा जवळजवळ नाहीत. तेथे रात्रीचा मुक्काम करणाऱ्याने माहिती केंद्रात नाव नोंदवावे व संकटसंदेश देणारे उपकरण जवळ बाळगावे. घुमट आणि उत्तरेकडील घळया रांगेच्या दोन टोकांना असल्याने उद्यानात किमान दोन रात्री राहण्याच्या तयारीनेच जावे.