जीपचा रोग आणि क्षाराचा दोरा

फौजेला हे दुखणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, पायलोनिडल सायनसमुळे अमेरिकी सैन्यातले जवळपास ८० हजार जवान रुग्णालयात भरती झाले. माकडहाडाजवळच्या घडीत तुटलेले केस कातडीत घुसतात, आत पू होतो आणि वाहणारी नळी तयार होते. त्या लॅटिन नावाचा अर्थच केसांचं घरटं. खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये तासन्‌तास आदळणाऱ्यांमध्ये ते इतकं दिसलं, की लुई ब्यूई या डॉक्टरांनी १९४४ मध्ये त्याला 'जीपचा रोग' म्हटलं.

दिल्ली छावणीत असताना आमच्या युनिटमधल्या एका ड्रायव्हरची दोन ऑपरेशनं होऊनही ते परत आलं. गडी सीटवर उशी घेऊन गाडी चालवायचा, पण लाजेपायी सिक रिपोर्टला जाईना. शेवटी सुभेदारसाहेबांनीच त्याला पाठवलं. पुढे त्याने क्षारसूत्र करून घेतलं, आणि मी या दोऱ्याचा इतिहास वाचायला घेतला.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात नाडीव्रणासाठी हा दोरा सांगितला आहे. कृश, दुर्बल आणि भित्र्या रुग्णांना शस्त्र न लावता दोऱ्याने नळी छेदावी, असा तो सल्ला. ११व्या शतकात चक्रपाणिदत्तांनी निवडुंगाचा चीक आणि हळद लावून दोरा करण्याची रीत दिली. मागे पडलेली ही पद्धत १९६० च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा उभी केली. आज दोऱ्याला २१ लेप देतात: ११ नुसत्या चिकाचे, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक आणि हळदीचे. दोरा नळीत ओवून बांधतात आणि साधारण दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ५०२ रुग्णांवर केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रुग्णांना आजार उलटला, क्षारसूत्रानंतर ४ टक्के. मात्र जखम भरायला ४ ऐवजी ८ आठवडे लागले. ही चाचणी भगंदराची होती. पायलोनिडलला तेच आकडे लावू नयेत.

सुश्रुतांनी दोरा भित्र्यांसाठी सांगितला खरा, पण दर आठवड्याला मुकाट्याने तो बदलून घ्यायला धीर लागतो. मंडळी, उपचार कोणता हे डॉक्टर ठरवतील. लाज सोडून वेळेवर सिक रिपोर्टला जाणं मात्र आपल्याच हातात आहे.