लीन उत्पादन व सतत सुधारणा (सोलापूर)

कामातील अपव्यय हुडकून तो टप्प्याटप्प्याने कमी करत नेणारी आणि हा शोध रोजच्या कामाचाच भाग मानणारी उत्पादनपद्धती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओहनो यांनी तिची बांधणी केली. ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्रॅफसिक यांच्या लेखातून पुढे आले. अतिउत्पादन, खोळंबा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि सदोष माल हे तिने मानलेले सात अपव्यय होत. सोलापूरच्या संदर्भात यंत्रमाग, वाहनांचे सुटे भाग, सरकारी कचेऱ्या, साखर कारखाने व रुग्णालये ही क्षेत्रे विचारात येतात.

यंत्रमाग : या पद्धतीचे एक मूळ मागातच आहे. टोयोटा उद्योगाचे आद्य प्रवर्तक साकिची तोयोदा (१८६७–१९३०) यांच्या १९२४ च्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागावर सूत तुटले की माग आपोआप थांबे. त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येत आणि सदोष कापड पुढे जात नसे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क घेतले. दोष दिसताच काम थांबवण्याचे टोयोटाचे तत्त्व येथूनच आले.

सोलापुरात १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी (जुनी मिल) सुरू झाली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि शहराचा वस्त्रोद्योग छोट्या यंत्रमाग कारखान्यांवर उभा राहिला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा त्यात मोठा वाटा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर व टेरी टॉवेल ही त्याची मुख्य उत्पादने. चादर तयार होताना सूत रंगवणे, कांड्या भरणे, ताणा करून भीमावर (ताणा गुंडाळण्याच्या रुळावर) घेणे, जकार्ड मागावर विणणे, कापणे, कडा शिवणे, तपासणी आणि घडी असे टप्पे येतात. खोळंबा विशेषतः दोन ठिकाणी होतो : रंगाईतून सूत परत येईपर्यंत आणि नक्षी किंवा भीम बदलताना. नक्षी बदलायची तर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ उतरवून दुसरी चढवावी लागते. भीम संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडावा लागतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या झटपट साचाबदलाच्या तंत्रातला पहिला नियम येथे थेट लागू पडतो : यंत्र चालू असताना उरकता येण्याजोगी तयारी यंत्र थांबण्याआधीच उरकावी. म्हणजे पुढची माळ, भरलेल्या कांड्या व भीम मागाशेजारी हजर असावेत. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर पुठ्ठे लागतच नाहीत, मात्र भांडवल लागते.

साठ्याबाबत ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. चादरीची मागणी थंडी व लग्नसराईला एकवटते. मोसमाआधी विणून ठेवलेला माल सरसकट अपव्यय ठरत नाही. मजुरीचा मुद्दा याहून अवघड आहे. मजुरी विणलेल्या मालावर मिळत असेल, तर दोष दिसताच माग थांबवणाऱ्या विणकराची त्या वेळेची कमाई बुडते. या विषयावरील पुस्तकांत मजुरीपद्धतीला सहसा जागा मिळत नाही.

सुटे भाग : यतीन शहा यांनी १९९२ मध्ये स्थापलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कारखाने अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत आहेत. इंजिनातील झडपा उघडणारे कॅमशाफ्ट ती देश-विदेशांतील मोटार कंपन्यांना पुरवते. २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. होटगी रस्त्यावर किर्लोस्कर फेरसचा ओतकाम कारखाना आहे. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात सतत सुधारणा ही अटच असल्याने या क्षेत्राला ती ऐच्छिक राहत नाही. यंत्रमागाच्या मालाला अशी अट घालणारा गिऱ्हाईक देशी बाजारात क्वचितच भेटतो. या पद्धतीच्या वापरात दोन्ही क्षेत्रांत दिसणाऱ्या फरकाचे हे प्रमुख कारण मानावे लागते.

शासकीय योजना : केंद्र सरकारने २००९ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी लीन योजना प्रायोगिक स्वरूपात १०० समूहांकरिता आणली. साधारण दहा कारखान्यांनी एकत्र यायचे, सल्लागार नेमायचा आणि त्याच्या शुल्कातील ८० टक्के भाग सरकारने उचलायचा, अशी तिची रचना होती. २०१३ मध्ये ५०० समूहांचे उद्दिष्ट ठेवून तिचा विस्तार झाला. राष्ट्रीय उत्पादकता परिषद व भारतीय गुणवत्ता परिषद यांच्याकडे देखरेख होती. १० मार्च २०२३ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी सुधारित योजना सुरू केली. तीत प्राथमिक, मध्यम व प्रगत असे तीन स्तर असून सरकारी वाटा ९० टक्के आहे. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांना आणखी ५ टक्के मिळतात.

कचेऱ्या : अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयाची मांडणी व अभिलेख यांची फेररचना केली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर ओळखली जाते आणि कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी ‘पाच एस’ पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. २०१७ मध्ये पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी विभागात ‘झिरो पेन्डन्सी’ मोहीम राबवली. सोलापूर जिल्हा याच विभागात मोडतो. कागदांचे सहा गठ्ठ्यांत वर्गीकरण, मुदत संपलेल्या कागदांचा नाश आणि आलेले टपाल त्याच दिवशी मार्गी लावणे हा तिचा गाभा.

साखर कारखाने : तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, त्यामुळे गव्हाणीच्या क्षमतेनुसार तोडीचा कार्यक्रम आखणे आणि वजनकाट्यापुढील गाड्यांची रांग आटोक्यात ठेवणे महत्त्वाचे.

रुग्णालये : बाह्यरुग्ण विभागातील रांग, औषधसाठा व शस्त्रक्रियागृहातील साहित्याची मांडणी यांसाठी ही पद्धत उपयुक्त.